ब्याण्णव किलोंचे तात्या

सांगलीत विश्रामबागेच्या अंगाला तीस खाटांचं एक हॉस्पिटल आहे. गुरुवारी सकाळी डॉक्टर दीक्षा तिथं शिरली, तेव्हा वॉर्डाच्या दारातच एक माणूस फरशीवर मांडी ठोकून बसला होता आणि वजनकाटा त्याच्यापुढं पोट उघडं टाकून पडला होता.

"पंच्याहत्तर," ती जाता जाता पुटपुटली.

"काय म्हणालात?" त्यानं मान वर केली.

"काही नाही. तुमचं वजन. सवय आहे मला."

"चौऱ्याहत्तर सहाशे. बाकीचा हा पाना." त्यानं खिशातून पाना काढून दाखवला.

दीक्षा थांबली. सात वर्षांत तिचा अंदाज कुणी ग्रॅममध्ये दुरुस्त केला नव्हता.

ती भूलतज्ज्ञ. सांगली-मिरजेतली चार हॉस्पिटलं आणि दर मंगळवारी, शुक्रवारी सातारा. रोज नवी माणसं, रोज तेच प्रश्न. त्यामुळं माणसं तोलायची खोड लागली होती. प्रत्येकाचं तिच्या मनात एक पान असे: वजन किती, भितो किती, खोटं बोलतो किती. तंबाखू सोडली म्हणणाऱ्यानं ती कालच सोडलेली असते. उपाशी आहे म्हणणाऱ्यानं चहा-बटर हे खाण्यात धरलेलं नसतं. बायका वजन चार किलो कमी सांगतात. पुरुष वजन चोरत नाहीत, असं तोवर तिच्याकडं पक्कं होतं.

"हा काटा दोन महिने खोटं बोलतोय," ती म्हणाली. "चार किलो जास्त दाखवतोय."

"साडेतीन. तुम्हाला कसं कळलं पण?"

"माणसं बघून."

"मग आमचा धंदाच बसला की." तो हसला. त्याचं नाव मिलिंद. कुपवाडला एमआयडीसीत त्याचं काटेदुरुस्तीचं वर्कशॉप होतं. दवाखान्यातल्या काट्यापासून साखर कारखान्याच्या गेटवरच्या, ट्रॉलीसकट ऊस तोलणाऱ्या काट्यापर्यंत सगळं करायचा. "एक विचारू? भूल देणाऱ्याला वजन कशाला लागतंय? सुई टोचली, माणूस झोपला."

"तेवढंच असतं तर तुम्हालाच शिकवलं असतं." तिनं घड्याळ पाहिलं, पाच मिनिटं होती. "कमरेखालचं ऑपरेशन असलं की मणक्यात भूल देतो. पाय बधिर, माणूस जागा. जागा माणूस भितो. मग शिरेतनं थोडं झोपेचं औषध. थोडं म्हणजे किती, ते वय सांगतं आणि वजन सांगतं. जास्त झालं तर माणूस झोपतोच... त्याच्याबरोबर श्वासही झोपतो."

त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. "श्वास झोपतो?"

"हो. आवाज न करता."

मग त्यानं काट्याचं झाकण लावलं, वीस किलोचं लोखंडी वजन ठेवून बघितलं, उचललं, पुन्हा ठेवलं. "आता माणूस पाहिजे. उभ्या राहा की."

"मी?"

"राहा हो. मी बघत नाही." आणि खरंच तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. "तुम्हीच वाचा. बरोबर असलं तर बरोबर म्हणा, आकडा सांगू नका."

दीक्षानं आकडा वाचला. बरोबर होता. उतरताना तिनं मनातल्या नव्या पानावर पहिली ओळ लिहिली: नजर वळवता येते.

काटा दुरुस्त झाला. तरी पुढच्या गुरुवारी मिलिंद तो नीट बसला का हे पाहायला आला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही आला. "काटा हाय का नवी सून?" पूजा सिस्टर म्हणाली. "रुळली का, जेवली का, सारखं बघायला येताय ते!" मिलिंदचे कान लाल झाले. दीक्षानं सलाईनच्या बाटलीवरची तारीख फार बारकाईनं वाचली.

नोव्हेंबरात एक दिवस अवकाळी पाऊस कोसळला. हॉस्पिटलसमोरच्या टपरीच्या पत्र्याखाली दोघं चहाला उभी होती. भडंगाची पुडी मध्ये, पत्र्यावर थाडथाड आवाज, आणि वारा सुटला तसा मिलिंद हळूच तिच्या डाव्या बाजूला सरकला. तिकडून पाणी येत होतं. त्याचा खांदा भिजला, तिची बॅग कोरडी राहिली. तिच्या मनात नोंद झाली.

"फलटणच्या बाजूला गेलो होतो," तो सांगत होता. "एका कारखान्याचा काटा दहा किलो इकडं-तिकडं होता. मॅनेजर म्हणतोय, ट्रॉलीमागं दहा किलोनं काय होतंय? करा सही. मी म्हणलं, दहानं काय होत नाही. मग अकरानं पण होत नाही. बारानं पण नाही. मी सही केली नाही, आधी काटा उघडला."

"चिडला असेल."

"चहा पण पाजला नाही."

"मग हा माझ्याकडून," ती म्हणाली, आणि दुसऱ्या चहाची खूण केली. दोघं तुम्हीवरनं तूवर त्या दुसऱ्या चहात आली की तिसऱ्या, याबद्दल पुढं त्यांचं एकमत झालं नाही.

थंडी पडली, गळीत हंगाम रंगात आला, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. आणि एका रविवारी दुपारी मिलिंदचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"तात्या पडले. गोठ्यात पाय घसरला. खुबा गेला."

जालिंदर तात्या म्हणजे मिलिंदचे चुलते. तो सहा वर्षांचा असताना वडील गेले. आई माया शिवणकाम करून घर चालवायची, आणि मिलिंदला वाढवलं ते तात्यांनी, पाटणच्या अलीकडच्या गावात. एकेकाळचे नामी पैलवान, आता वय वर्षं शहात्तर.

"साताऱ्यात त्याच हॉस्पिटलात आणलंय, तू मंगळवारी येतेस ते," तो म्हणाला. "परवा ऑपरेशन आहे. दीक्षा... भूल तूच दे."

"मंगळवारी तिथं मीच असते. दुसरं कोण देणार?"

"तसं नाही. मी तुला सांगतोय. माझ्या तात्यांना."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. पण फोन ठेवल्यावर तिनं स्वतःची नाडी मोजली, ती अठ्ठ्याण्णव होती. प्रेमात पडलेल्या माणसानं नाडी मोजू नये, उगाच पुरावा तयार होतो.

सोमवारी ती मुद्दाम एक दिवस आधी साताऱ्याला गेली. तात्या खाटेवर आडवे होते. पायाला वजन लटकवलेलं, अंगात स्वेटर, वर दोन गोधड्या. बाहेर दिसत होतं ते एवढंच: डोईचा पटका, कुस्तीत मोडलेले कान आणि फावड्यासारखे दोन हात. खाटेभोवती गर्दी. चुलती चंद्राबाई, तात्यांचा जुना पठ्ठा धुळा, त्याच्याबरोबर तालमीतले आणखी दोघं, आणि पायाशी मिलिंद.

"तात्या, मी भूल देणारी डॉक्टर. घोरता का तुम्ही?"

"पैलवान घोरत न्हाई," तात्या म्हणाले.

"आवं काय सांगताय!" चंद्राबाईनं पदर खोचला. "डाक्टरीन बाई, म्हस दावं तोडती यांच्या आवाजानं!"

सगळे हसले. दीक्षालाही बरं वाटलं. माणसं खरं बोलणारी दिसतात, तिनं नोंदलं. दम लागतो का, गोळ्या कोणत्या, आधी कधी ऑपरेशन झालंय का, सगळं विचारून झालं.

"वजन?"

खुबा मोडलेल्या माणसाला काट्यावर उभं करता येत नाही. तिथं विचारावंच लागतं.

"ब्याण्णव," तात्या म्हणाले.

"सात जिल्ह्यांत कुणाला बी विचारा," धुळानं छाती पुढं काढली. "ब्याण्णव किलोचा जालिंदर पैलवान!"

दीक्षानं गोधडीकडं पाहिलं. तिचा डोळा म्हणाला, पासष्ट. पण हाडं मोठी होती, मनगटं जाड, मान अजून बैलासारखी. तिनं पायाशी पाहिलं. "मिलिंद? ब्याण्णव?"

मिलिंदनं तात्यांकडं पाहिलं. मग धुळाकडं. मग खाली, फरशीकडं.

"हो," तो म्हणाला. "ब्याण्णव."

मंगळवारी साडेदहाला मणक्यातली भूल बरोबर बसली.

"तात्या, पाय हलवून दाखवा."

"कुणाचा?" तात्यांनी विचारलं, आणि हाडांचे डॉक्टर शंभूराज मास्कच्या आत हसले. पण हत्यारांचा खणखणाट सुरू झाला तशी म्हाताऱ्याची बोटं चादर आवळायला लागली. "डाक्टरीन बाई, मला त्ये हातोडं-फितोडं ऐकायचं न्हाई. मला झोपवा."

झोपेचं औषध दुधासारखं पांढरं, पंपातनं थेंबाथेंबानं जातं. पंपाला दोन गोष्टी सांगाव्या लागतात, वेग आणि वजन. वेग तिनं वय बघून पुष्कळच कमी ठेवला. वजनापाशी बोट थांबलं. डोळा पासष्ट म्हणत होता. कागद ब्याण्णव म्हणत होता. आणि कागदामागं उभा होता तो माणूस दहा किलोसाठी कारखान्याच्या मॅनेजरला नाही म्हणणारा. तो म्हणतो तर असेल.

शहाण्या माणसांचं असंच होतं. वर्षानुवर्षं कुणावर विश्वास टाकत नाहीत, आणि टाकतात तेव्हा एकदम ब्याण्णव किलोंचा टाकतात. दीक्षानं ब्याण्णव दाबलं.

तात्या झोपले. घोरायला लागले. चंद्राबाई खोटं बोलली नव्हती. दहा मिनिटं सगळं ठीक चाललं. मग घोरणं थांबलं.

"छान झोपले," शंभूराज म्हणाले. "आता कसं निवांत."

तो शब्द दीक्षाला टोचला. तिनं मॉनिटरकडं पाहिलं. ऑक्सिजनचा आकडा नव्व्याण्णव. पण नाकात ऑक्सिजनची नळी असली की तो आकडा उशिरा कळवतो. पाहुणा उठून गेला तरी खुर्ची थोडा वेळ उबदार राहते, तसा. त्याच्या खालची रेषा जास्त खरी, प्रत्येक श्वासाला एक टेकडी काढणारी. ती रेषा सपाट होती. तिनं तात्यांच्या छातीवर हात ठेवला. छाती हलत नव्हती.

"सर, हात थांबवा. श्वास नाही."

हातोडा थांबला. तिनं पंप बंद केला, दोन्ही हातांनी जबडा पुढं ओढला. पैलवानाची जाड मान, आत जीभ मागं पडलेली. "तात्या! श्वास घ्या! अंकिता, मास्क!" अंकिता सिस्टरनं मास्क हातात दिला. शहाण्णव. एक्क्याण्णव. सत्त्याऐंशी. दीक्षानं मास्क दाबून धरला, पिशवी दाबली, एकदा, दोनदा. छाती वर आली. तिसऱ्यांदा दाबणार तोच म्हाताऱ्यानं स्वतःहून असा काही श्वास ओढला की अंकिता दचकून मागं सरली.

रेषेवर टेकडी उमटली. मग दुसरी.

मोजले तर सगळे मिळून चाळीस सेकंद. दीक्षाच्या कपाळावरून घाम नाकापर्यंत आला होता, पुसायला हात मोकळा नव्हता.

पाच-सात मिनिटांनी तात्यांनी डोळे उघडले. "कोण जिंकलं?"

"तुम्ही," ती म्हणाली. "पण आता झोपायचं नाही. ती कुस्ती कशी झाली, ती सांगा मला. हळू सांगा, काही गाळू नका."

तात्यांनी एक तास कुस्त्या सांगितल्या. डाव कुठला, लंगोट कुठला, पंच कुणाच्या बाजूचा. हातोडा पडत होता आणि म्हातारा त्याच्यावरून आवाज चढवून बोलत होता. पंप पुन्हा लागला नाही. कागदावर दीक्षानं सगळं लिहिलं: वेळ, आकडे, पंपात भरलेलं वजन, डोळ्याला दिसलेलं वजन. काही वगळलं नाही. निदान तिला तसं वाटलं.

बाहेर मिलिंद बाकावरून उठला. तिच्याकडं बघून पुन्हा बसावं की काय, असं त्याला झालं.

"ते बरे आहेत," ती म्हणाली. "वजन किती त्यांचं?"

त्यानं वॉर्डाच्या दाराकडं पाहिलं.

"मिलिंद."

"बासष्ट... त्रेसष्ट. दिवाळीत केलं होतं. वर्कशॉपवर, कुणी नसताना. त्यांनीच करायला लावलं, आणि बघितल्यावर म्हणाले, काटा बिघडलाय तुझा."

"म्हणजे तुला माहीत होतं. ग्रॅमसकट."

"धुळामामा होते तिथं. तालमीतली पोरं होती. त्यांच्यासमोर तात्यांना बासष्ट म्हणायचं म्हणजे... अगं, त्या माणसाकडं आता तेवढाच एक आकडा राहिलाय. मी तुला नंतर बाजूला घेऊन सांगणार होतो."

"कधी?"

खरं असं होतं, की संध्याकाळी तात्यांना केळी आणायला गेला आणि राहून गेलं. मोठी खोटी कामं माणसं ठरवून करत नाहीत. बहुतेक वेळा मध्ये केळी आणायची असतात.

"त्यांचा श्वास थांबला होता," दीक्षा शांतपणे म्हणाली. "चाळीस सेकंद. वजन सगळ्यांसमोर विचारलं ही माझी चूक. डोळा नाही म्हणत असताना भरलं, ती त्याहून मोठी. तसं शंभूराज सरांना सांगितलंय. काकींना मी आत्ता सांगणार आहे. तुझं तू बघ."

"दीक्षा..."

"मी तुझा शब्द पंपात भरला, मिलिंद."

ती वॉर्डाकडं गेली. तिचं चालणं नेहमीसारखंच होतं, फक्त बॅग खांद्यावरून दोनदा घसरली.

पुढं सहा आठवडे ती वेळेवर कामाला गेली, वेळेवर घरी आली. मिलिंदनं तीन फोन केले. तिनं उचलले नाहीत. चौथा त्यानं केला नाही, आणि त्याचा तिला राग आला. गुरुवारी हॉस्पिटलच्या दारात कुणी नसायचं. "काटा रुळला म्हणायचा," पूजा सिस्टर म्हणाली, आणि दीक्षाचं तोंड बघून पुढचं गिळलं. मिलिंदच्या पानावरची 'नजर वळवता येते' ही ओळ खोडावी की ठेवावी हे तिला ठरवता येत नव्हतं. माणूस वाईट नव्हता. प्रेमळ होता. पण ज्याच्या प्रेमापायी खरं मागं पडतं, त्याच्या भरवशावर दार उघडून झोपायचं कसं?

सातव्या मंगळवारी साताऱ्याच्या ओपीडीत गलका ऐकू आला. तिनं डोकावून पाहिलं. तात्या वॉकर धरून उभे होते. मागं चंद्राबाई, धुळा, दोन पठ्ठे, आणि भिंतीला टेकून मिलिंद. तो रोडावला होता. दोन किलो, तिच्या डोळ्यानं न विचारताच सांगितलं.

"या डाक्टरीन बाई, तुमचीच वाट बघतुय," तात्या म्हणाले. "धुळा, वॉकर धर. मला त्या काट्यावर चढायचं हाय."

"वस्ताद, कशाला?"

"धर म्हणतो नव्हं!" दोघांनी काखेत हात घालून चढवलं. मग एक-एक हात सोडून लांब झाले. तात्यांनी समोर बघितलं, आकड्याकडं नाही. "मिलिंदा, वाच. आखाड्यात पुकारत्यात तसं. माझ्या हिकडं बघून वाच."

मिलिंद पुढं आला. मग तात्यांच्या डोळ्यांत बघून मोठ्यानं म्हणाला, "जालिंदर पैलवान... साठ किलो, आठशे ग्रॅम."

धुळानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"साठ," तात्या म्हणाले. "आभाळ पडलं का रं, धुळा?"

"न्हाई वस्ताद."

"मग उतरवा." खाली आल्यावर ते दीक्षाकडं वळले. "ह्या पोरानं मला घरी नेल्यावर पाचव्या दिशी सगळं सांगितलं. 'तात्या, तुमचा श्वास आपल्या दोघांच्या खोट्यानं गेला हुता,' म्हणला. आठ दिस मी त्याच्या संगं बोललो न्हाई. आजवर माझ्या तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं. मग इच्यार केला, चूक कुणाची? मी आकडा बोललो, पोरानं माझी लाज राखली. त्यानं तुमचा इस्वास राखायला पायजे हुता." ते थांबले. "लेकी, मला माफ कर. त्याचं त्यो बघंल."

चंद्राबाई डोळे पुसत म्हणाली, "आता निदान सदरं तरी नव्या मापाचं शिवा. त्या जुन्यात दोघं मावाल."

दीक्षाचं काम एकला संपलं. ती मागच्या पायऱ्यांवर आली तेव्हा मिलिंद तिथं उभा होता. हिवाळ्याचं ऊन, समोर अजिंक्यतारा, आणि वाळत घातलेल्या हॉस्पिटलच्या हिरव्या चादरी. तो पायरीवर टेकला, ती दोन पायऱ्या वर बसली.

"बोलू?" त्यानं विचारलं.

"तू नको. मी विचारते, तू उत्तर दे. ऑपरेशनच्या आधी विचारतो तसं."

"माझं ऑपरेशन आहे?"

"ठरायचंय. घोरतोस?"

"हो. आई म्हणते, मळ्यातली मोटार चालू झाल्यागत."

"दारू?"

"वर्षातनं दोनदा."

ती नुसती बघत राहिली.

"...चारदा. हंगाम संपला की पाचदा."

"लपवलेलं काही?"

"सहा वर्षांपूर्वी साखरपुडा झाला होता. तिनं मोडला. मी बोलत नाही म्हणाली. सगळं मनात ठेवतो, आणि कुणाला वाईट वाटू नये म्हणून होला हो करतो." त्यानं तळहात पँटला पुसले. "बरोबरच म्हणाली होती."

दीक्षानं हे ऐकून घेतलं. मग पुढचा प्रश्न तिनं चादरींकडं बघत विचारला. "आणि आपल्याबद्दल घरचे काय म्हणतात?"

तिनं वळून पाहिलं. तिची नजर सवयीनं त्याच्या छातीवर गेली. त्यानं श्वास धरून ठेवला होता. इथं खोटं सोपं होतं. 'तयार होतील' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते अगदी खोटंही ठरलं नसतं. तिला भीती वाटली. तो काय म्हणेल याची नव्हे. तो गोड काहीतरी म्हणेल आणि आपल्याला आवडेल, याची.

"आई नको म्हणते," मिलिंद म्हणाला. श्वास सुटला. "डॉक्टर सून घरात पाहुणीसारखी राहील म्हणते. पहाटे जाणार, रात्री येणार, माझ्या घरात मीच एकटी पडणार. दोनदा बोललो, दोनदा ताट सारून उठली. तिसऱ्यांदा पण तेच करेल. मी तिला सांगितलंय, मी विचारणार आहे. पण ती हो म्हणालीय असं... नाही सांगता येत मला. तिनं म्हटलेलं नाही."

वाऱ्यानं एक चादर फुगली आणि खाली बसली.

"माझं पण एक राहिलंय," दीक्षा म्हणाली. "त्या दिवशी कागदावर मी सगळं लिहिलं. वजन चुकीचं भरलं हेही लिहिलं. का भरलं ते नाही लिहिलं."

"का भरलंस?"

"तुझं खरं निघावं असं मला वाटत होतं म्हणून." तिचे कान तापले, पण ती थांबली नाही. "कागदात त्याला रकाना नव्हता. मला तू आवडतोस, मिलिंद. त्या दिवशीही आवडत होतास, आणि मधल्या सहा आठवड्यांतही, चिडले होते तरी. चौथा फोन का नाही केलास?"

"तू नाही म्हणतेयस असं धरलं."

"धरायचं नाही. विचारायचं."

"मग विचारतो." तो एक पायरी वर सरकला. मग दुसरी. "माझ्याशी लग्न करशील? आई ओरडणार आहे. पहिलं वर्षभर तरी ओरडेल."

"ओरडू दे की. ओरडणारी माणसं मला चालतात." तिनं पायरीवर ठेवलेला त्याचा हात आपल्या हातात घेतला. मग बोटं त्याच्या मनगटावर गेलीच, आणि घड्याळाकडं नजर. "एकशे दहा. बाप रे."

"दीक्षा, उत्तर..."

"देतेय. आईंना बीपीची गोळी आहे ना? किती वाजता घेतात?"

"सकाळी आठला," तो गोंधळून म्हणाला. "का?"

"मग रविवारी दहाला येते मी कुपवाडला तुमच्या घरी," ती म्हणाली. "तोवर चांगली लागू पडलेली असेल."